पाळण्यातलं सहावं माणूस

"पाच माणसं हायेत. लिवा आन् वाटंला लागा," म्हातारी दारात आडवी उभी राहून म्हणाली. तेवढ्यात आत बाळ रडलं.

"आजी, ते कोण रडतंय?"

"मांजर हाय."

मांजराला कोणी जोजवतही होतं!

एकावन्न सालची खानेसुमारी. चाकणजवळच्या या गावात मी शाळामास्तर, म्हणून प्रगणकही मीच. प्रगणक म्हणजे घरोघर जाऊन माणसं नोंदणारा. माणशी एक स्लिप भरायची, एकही माणूस सुटता कामा नये.

म्हातारीच्या सुनेची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याला मोजलं की नजर लागणार, अशी दोघींना धास्ती.

आमचे सुपरवायझर वैतागले. "गुरुजी, रडणं ऐकलंत ना? मग द्या भरून स्लिप."

"चोरून नाही भरणार, साहेब. उद्या सगळं गाव मला दारं लावील."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत काय ते मिटवा."

रात्रभर चडफडलो. म्हातारीचा राग येत होता, आणि तिची भीती खोटी म्हणवत नव्हती.

सकाळी तिच्या खळ्यावरून निघालो. तिचा मुलगा पायलीने ज्वारी मापत होता. "लाभ... दोन... तीन..." आमच्याकडे रास मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. म्हणजे रास वाढते, घटत नाही. मी तिथूनच उलटा फिरलो आणि तिचं घर गाठलं.

"आजी, आज खळ्यावरच्यासारखं मोजू. सुरुवात नातवापासून."

म्हातारी दारातून बाजूला झाली. मग आत वळून म्हणाली, "आण गं त्याला भाईर."

सून बाळाला घेऊन आली. गालावर काजळाची ही एवढी तीट.

"लाभ!" मी मोठ्याने म्हणालो.

"आन् मी दोन," म्हातारीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पुढची चार तिनेच मोजली. मला इतका आनंद झाला की बाळाचं नाव विचारायचंच राहिलं. दारातून परत फिरून विचारलं. दगडू.

साहेबांना सहा स्लिपा दिल्या. ते म्हणाले, "बघा, झालं की नाही सोपं?" साहेबांना सगळं संध्याकाळीच सोपं वाटायचं. माणसं मोजायची तर आधी त्यांची मोजायची रीत शिकावी, एवढं मी शिकलो.

काही वर्षांनी दगडू माझ्याच शाळेत आला. पहिल्या दिवशी म्हातारी खिडकीशी येऊन उभी राहिली. मी हजेरीत त्याचं नाव सगळ्यांत आधी घेतलं.

पोरगं तोंड उघडायच्या आत खिडकीतून आवाज आला, "लाभ!"