कोथरूडची लाईट, हडपसरची हजेरी

सुखदेवमामांनी मला पहिल्यांदा पकडलं ते एफ.वाय.ला. सर मान खाली घालून हजेरी घेत होते. सत्तावन्न नंबर म्हणजे मी, पूर्वा थत्ते. अठ्ठावन्न म्हणजे माझी लॅब पार्टनर उत्कर्षा तुपे, जी त्या वेळी हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली होती. माझं 'येस सर' म्हणून झाल्यावर मी आवाज जरा बारीक केला आणि तिचंही म्हणून टाकलं. मागच्या सिंकपाशी बीकर धूत उभा असलेला माणूस वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "सर, अठ्ठावन्न अजून बसमध्ये आहे. हा आवाज सत्तावन्नचा."

अख्खा वर्ग हसला. मी मनातल्या मनात त्या माणसाचा उद्धार केला. आमच्याकडे प्रॉक्सी लावणं हे काही पाप नव्हतं. मैत्रिणीची प्रॉक्सी न लावणं हे पाप होतं.

तर हे सुखदेव ओव्हाळ, आमच्या केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट. बिबवेवाडीच्या अप्पर वस्तीत घर. एकाच लॅबमध्ये तीस वर्षं काढलेली, त्यामुळे एचओडी मॅडमसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय कपाट उघडायच्या नाहीत. कॉलेजात सगळ्याच अटेंडंट लोकांना मामा म्हणतात, पण हे मामा लाड करणाऱ्यातले नव्हेत. फोन उचलला की "जयभीम, बोला", आणि बोलणं दोन मिनिटांच्या वर गेलं की "ठेवतो". प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ओळखायला दिलेली पुडी दाखवून "मामा, पुडीत काय आहे हो?" असं कुणी लाडात येऊन विचारलं, तर म्हणायचे, "वाचलं असतंस तर तुला कळलं असतं. मी वाचलेलं नाही, मलाही माहीत नाही." खोटारडे. त्यांना नुसत्या वासावर कळायचं.

त्यांनी कौतुक केलेली एकच मुलगी मी पाहिली, ती म्हणजे उत्कर्षा. थिअरीत ती माझ्यापेक्षा मागे असायची. मराठी शाळेतून आलेली, इंग्लिश वाचताना ओठ हलायचे. पण टायट्रेशनला बसली की बघत राहावं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायची आणि फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग दिसला न दिसला तोच तोटी बंद. आमची तीन-तीन रीडिंग चुकायची, हिचं पहिलंच बरोबर. मामा म्हणायचे, "हिचे हात बघा. तुमच्या हातांना नुसता मोबाईल धरता येतो." आम्हाला राग यायचा, पण खरं होतं ते. लॅबमध्ये उत्कर्षा कुणीतरी होती.

मग कोरोना आला आणि लॅबला कुलूप लागलं.

टी.वाय.चे तास ऑगस्टमध्ये ऑनलाइन सुरू झाले. प्रॅक्टिकल कसलं डोंबलाचं, सर व्हिडिओत टायट्रेशन करायचे, रीडिंग ग्रुपवर यायचं, आम्ही ते जर्नलमध्ये उतरवायचो. मी कोथरूडला पलंगावर लोळत बी.एस्सी. करत होते. उत्कर्षाकडे मात्र आम्हा सगळ्यांना हेवा वाटेल अशी सोय झाली होती. तुप्यांच्या उसाच्या रानावर आता काचेची आयटी कंपनी उभी आहे आणि तिथली मुलं यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. लॉकडाऊनमध्ये ती मुलं गावाला गेली, तशी एक रिकामी खोली अभ्यासाला म्हणून उत्कर्षाला मिळाली. स्वतःची खोली, दाराला कडी, जेवणाचं ताट वर. अजून काय पाहिजे माणसाला?

सप्टेंबरात तिच्या घरी सगळ्यांना कोरोना होऊन गेला. तेव्हा तिचा मेसेज आला, 'दोन दिवस माझं लॉगिन करशील का? डोकं चालत नाहीये.' पासवर्ड पाठवला. मी ताईच्या जुन्या फोनवर तिच्या नावाने तास लावला. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. दिवाळी आली, गेली. मी विचारायचे, 'बरी आहेस ना?' तिकडून अंगठा यायचा. मग मी विचारणंही सोडलं, कारण रोज काय तेच तेच विचारायचं? घरच्या वायफायवर दोन फोन शेजारी ठेवायचे, दोन्हींवर बटण दाबायचं. मला वाटायचं, केवढी मोठी मैत्रीण मी. खरंच वाटायचं.

जानेवारीच्या शेवटी मामांचा फोन आला. त्यांनी स्वतःहून फोन केला म्हणजे काहीतरी फुटलं असणार, असंच मला वाटलं.

"थत्ते, एक सांग. गुरुवारी अकराला कोथरूडची लाईट गेली की हडपसरची पण जाते का गं?"

मी ताईचा जुना फोन उशीखाली सरकवला.

"आणि दोन्हीकडची बारा वाजून सात मिनिटांनी परत येते. ते पण चार गुरुवार. एवढी एकी सख्ख्या भावांत नसते."

झालं होतं असं, की एचओडी मॅडमना कागदी मस्टर लागायचं. ऑनलाइन तासाला कोण कधी आलं, कधी गेलं याची यादी निघायची आणि ती मस्टरवर उतरवायचं काम लॅब बंद असल्यामुळे मामांकडे आलं होतं. दुसरं कुणी नुसत्या P च्या रांगा भरून मोकळं झालं असतं. हे बसले वेळा वाचत.

"मामा, मॅडमना नका ना सांगू," मी म्हटलं. "दोघीही डिटेन होऊ."

"ते बघू नंतर. तू तिचा आवाज शेवटचा कधी ऐकलास?"

मी आठवायला लागले. आठवेना. आवाज? ऑक्टोबर?

"उद्या दहाला हडपसरला ये," मामा म्हणाले. "ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मी गाडीवर आणि ते बसने, असे आम्ही तुप्यांच्या दारात पोचलो. उत्कर्षाचे वडील, रणजितकाका, अगदी अगत्याने बाहेर आले. कॉलेजची माणसं घरी आली म्हणून खूश. मामांना विचारलं, "आडनाव काय म्हणालात आपलं?" मामा म्हणाले, "ओव्हाळ." चहा आला. मला कपबशीत, मामांना कागदी कपात. मामांनी कपाकडे बघितलं, माझ्या बशीकडे बघितलं आणि म्हणाले, "कोरोनात हे बरं पडतं." काका खाली बघायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मामांनी विचारलं, "उत्कर्षा कशी आहे?"

"एक नंबर! दिवसभर अभ्यास चालू हाय वर. खाली उतरतच न्हाय. जेवण बी निम्मं परत येतं, एवढी बुडालीय अभ्यासात." आणि काकांनी मोबाईल काढून कॉलेजचा मेसेज दाखवला. पालकांना दर महिन्याला यायचा तो. 'आपल्या पाल्याची उपस्थिती : १०० टक्के.' तो त्यांनी जपून ठेवला होता, पाव्हण्यांना दाखवायला. कारण स्थळं बघणं चालू झालं होतं.

ते शंभर टक्के माझे होते. चार महिने आईबापांना पोरगी ठीक आहे असं मीच कळवत होते, तेही कॉलेजच्या शिक्क्यानिशी.

वर गेलो. दार आतून बंद. काकांनी हाका मारल्या, उत्तर नाही. मी हाक मारली, नाही. काकांचा आवाज चढायला लागला तसं मामांनी त्यांना हाताने थांबवलं आणि लॅबमध्ये बोलायचे त्याच कोरड्या आवाजात म्हणाले, "अठ्ठावन्न."

काही नाही. मामा तिथेच पायरीवर बसले. पाच मिनिटांनी परत, "अठ्ठावन्न." असं कितीदा म्हणाले कोण जाणे. अर्धा तास तरी गेला असेल. मग कडी वाजली.

मी तिला ओळखलं नाही, हे मी आता सरळ सांगते. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर कधीचा तो गाऊन, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. राग नाही, रडू नाही. खोलीत न उघडलेलं जर्नल आणि खिडकीला लावलेली चादर. मी तिला मिठी मारायला गेले तर ती मागे सरली.

"तू रोज लावत होतीस माझी हजेरी?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मला वाटायचं, चार दिवस दिसले नाही की कुणीतरी येईल," ती म्हणाली. "मी वाट बघायचे. मग वाटलं, कुणाला फरकच पडत नाही."

मी तिथेच खाली बसून रडले. मला कुणी गप्प केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मामा काकांना म्हणाले, "मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं. आज."

काका म्हणाले, "आवो, बोभाटा होईल. पोरीचं लग्न जमवायचंय."

"लग्नाला पोरगी लागते," मामा म्हणाले.

काका भिंतीला टेकले. मग गाडीची किल्ली आणायला खाली गेले.

एवढ्यावर मामा थांबले असते तर मी त्यांना देव म्हटलं असतं. पण सोमवारी त्यांनी मॅडमच्या टेबलावर मस्टर नेऊन ठेवलं आणि अठ्ठावन्न नंबरच्या रांगेतल्या सगळ्या P वर लाल पेनाने A केले. मला लेखी माफी द्यावी लागली. उत्कर्षाचं वर्ष गेलं. मी मामांना फोन करून वाट्टेल ते बोलले. आजारी मुलीचं वर्ष घालवलंत, दया आहे का नाही, तुम्हाला फक्त पकडता येतं. ते ऐकून घेत होते, आणि दोन मिनिटं होऊन गेली तरी 'ठेवतो' म्हणाले नाहीत.

"नव्हती ना ती?" शेवटी म्हणाले. "मग नव्हती असंच लिहायला पाहिजे. हजर माणसाला शोधायला कोण जातं?"

मी फोन आपटला. वर्षभर बोलले नाही त्यांच्याशी.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लॅब उघडल्या होत्या. मी पास होऊन हिंजवडीच्या कंपनीत लागले होते, म्हणजे कोथरूडच्याच पलंगावर बसून. डिग्रीच्या कागदासाठी कॉलेजात गेले आणि पाय आपोआप लॅबकडे वळले. दारातच उभी राहिले. आत सर मान खाली घालून हजेरी घेत होते. उत्कर्षा परत टी.वाय.ला होती, गोळ्या चालू होत्या, नवा नंबर बासष्ट, एवढं मला तिच्या मेसेजवरून माहीत होतं. बरी आहे, असंही तिने लिहिलं होतं.

"बासष्ट," सर म्हणाले.

कुणी बोललं नाही.

"बासष्ट?"

माझं तोंड उघडलं होतं. शपथ सांगते, 'येस सर' अगदी जिभेवर आलं होतं. मी दात आवळले.

सिंकपाशी मामांनी बीकर खाली ठेवला, हात पुसले आणि खिशातून फोन काढत बाहेर आले. मी दिसले, पण माझ्याकडे लक्षही दिलं नाही. फोन लागला. कॉरिडॉर रिकामा होता, मला पलीकडचा आवाज ऐकू आला. बारीक, पण तिचाच.

"आज उठवत नाहीये, मामा."

"बरं," मामा म्हणाले. "नको उठू. A लावायला सांगतो. पाचला सुटलो की येतो तिकडे."

मग त्यांनी दारातून आत डोकं घातलं आणि सरांना सांगितलं, "बासष्ट गैरहजर."

मी गाडीची किल्ली काढली आणि म्हटलं, "मामा, पाचपर्यंत कशाला थांबायचं? मी जाते आत्ताच."