काहिलीतलं डिझेल

शेजारच्या काकूंचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे सख्ख्या भावाचेही नसतील. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. गावातली पिठाची गिरणी मी चालवायचो. तेरणेवर पूल नव्हता. हस्ताच्या पावसानं नदी फुगली, गिरणीचं डिझेल संपलं आणि बायका जात्यावर बसून माझ्या नावानं बोटं मोडू लागल्या. शेवटी काकूंची काहील मागून आणली. एरवी तिच्यात गूळ शिजायचा, पुरात तीच आमची नाव. लोखंडाची, पसरट, आत बसायचं आणि दोघा पोहणाऱ्यांनी ढकलत न्यायचं.

पलीकडून डिझेलचा डबा घेतला. बूच सैल होतं, पण मी शहाणा! म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? मधल्या धारेत काहील डुलली, डबा आडवा झाला आणि अर्धं डिझेल काहिलीत सांडलं. उरलेल्यावर गिरणी चालली. पण दिवाळीनंतर काकूंचा ऊस तोडायचा होता. एकटी बाई, सगळं वर्ष त्या उसावर, आणि गावात दुसरी काहील नव्हती. रसाला डिझेलचा वास लागला की गूळ कुत्रंही हुंगणार नाही.

काकू एवढंच म्हणाल्या, "मुडद्या, आता घास."

घासलं. राखेनं, विटेच्या भुकटीनं, चिंचेच्या पाण्यानं. काहील गार असताना चकाचक. खाली जाळ घातला की मेला वास हजर! पत्र्याच्या सांध्यांवरच्या रिबिटांच्या फटीत दडून बसला होता. बाभळीच्या काट्यानं एकेक फट कोरली, पुन्हा पुन्हा पाणी उकळलं. माझ्या भाकरीलाही डिझेलचाच वास. अगदी रडकुंडीला आलो.

गुऱ्हाळाच्या दिवशी गूळ शिजवणारा गुळव्या अडून बसला. "काकू, वास येतुया. माझं नाव खराब हुईल. ह्यानं वाटोळं केलंय तुमचं." सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुठं तोंड लपवू असं झालं.

काकूंनी काहिलीत पाणी उकळायला लावलं. त्यातलं तांब्याभर काढून निववलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्याल्या.

"कुठाय वास? न्हाय आजाबात! वत रस. फकस्त पहिल्या रसाचा गूळ बैलांना घालायचा. नवस हाय माझा."

गुळव्या उठला. रस चढला. तांब्या उचलायला गेलो, तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. तोंडाला लावलं. वास होता. चांगलाच होता. डोळ्यांत पाणी आलं. धुरानं म्हणून पुसलं.

पहिला गूळ बैलांनी खाल्ला. दुसऱ्या रसाचा गुळव्यानं बोटावर घेऊन चाखला, मान डोलावली आणि सरळ तिसऱ्या रसाला लागला. मग मी काकूंजवळ गेलो.

"काकू, नवस कधी बोलला होता तुम्ही?"

"तुझं तोंड बघितलं तवा," काकू म्हणाल्या. "जा, जाळ घाल."