चिनी मातीच्या बैलाची खांदमळणी

माझा धाकटा भाऊ सांगलीत दातांचा डॉक्टर आहे आणि एका परदेशी पॉप कलावंताची चिनी मातीची शिल्पं जमवतो. प्रत्येक शिल्पाच्या मोजक्याच प्रती निघतात. पोटाखाली क्रमांक आणि सही असते. नंतर साचा मोडतात. डाग पडलेली प्रत संग्राहक हातात धरत नाहीत.

त्यातला एक बैल आहे. वीतभर उंच, पांढरा, गुबगुबीत; शिंगांच्या जागी आइस्क्रीमचे दोन कोन. कोनांना चकाकी आहे, अंगाला नाही. अंग खडूसारखं कोरडं लागतं.

एका आषाढात कृष्णेचं पाणी चढू लागलं. भावाचं घर तळमजल्यावर. त्याने खोकी गाडीत घालून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी, आईकडे आणली. बैलाचं खोकं भिजलं होतं, म्हणून तो तेवढा बाहेर काढून कोनाड्यात ठेवला आणि रस्ता बंद व्हायच्या आत भाऊ परतला.

ट्रॅक्टर आला तेव्हा आमचे बैल विकले. तेव्हापासून बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, आई कुंभाराकडचे मातीचे बैल पूजते. त्या वर्षी पावसामुळे कुंभार आला नाही. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते: जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद-तेलाने चोळतात. आईने कोनाड्यातला बैल पाटावर घेतला आणि त्याचे खांदे अंगठ्याने दाबून चोळले. दुसऱ्या दिवशी कोनांत कडबोळी अडकवली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला.

पाणी उतरल्यावर भाऊ आला. मी तिथेच होतो. बैल पाहून तो खाली बसला.

"आई, हे काय गं?"

"खांदं मळलं. का रं?"

असल्या बैलाला डाग चालत नाही, हे त्याने सांगितलं. तो रागावला नाही, पण ओल्या फडक्याने बराच वेळ पुसत राहिला. पिवळं निघालं नाही.

"लय म्हागाचा व्हता?"

"न्हाई गं."

तिला ते पटलं नाही. पुढे सांगलीला गेली की ती त्याच्या कशालाच हात लावेना. पाणी पिऊन झालं की पेला सुनेच्या हातात द्यायची. "नगं बाबा, माझ्या हाताचं काय खरं न्हाई," म्हणायची. भावाला डागापेक्षा हे जास्त लागलं. बैल त्याने कपाटात सगळ्यांच्या पुढे मांडला. ती त्या खोलीत जाईना.

पुढच्या वर्षी खांदमळणीच्या दिवशी तो गावी आला. शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, बैल. या वेळी पाटावर मातीची जोडी होती. भावाने आपला बैल त्या जोडीशेजारी ठेवला. आईने मातीच्या दोघांना हळद लावली आणि वाटी बाजूला सारली.

"आन् ह्याला? ह्यो काय पाव्हणा हाय?"

"डाग पडंल."

"पडलाय की. त्याच्यावरच लाव."

"घेनारी मानसं काय म्हनतील?"

"इकायचाय कुनाला? एकदा इकलं बैल, तेवढं बास."

आईने बोट हळदीत बुडवलं. आधी जपून, जुन्या डागाच्या आतच फिरवलं. भावाने बैल दोन्ही हातांनी धरून तिच्या पुढ्यात सरकवला. मग तिने अंगठा दाबला.

"काम ना धंदा," ती बैलाला म्हणाली, "आन् खांदं मळून पायजेत."