अयोग्यमधला अ

चिकलठाण्याच्या बाजूला पाणी तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा होती. लग्नानंतरची पहिली नोकरी मी तिथं केली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. गावोगावचे लोक हातपंपाचं, बोअरचं पाणी आम्ही दिलेल्या बाटल्यांतून आणायचे. आमचे सर तपासायचे, मी आकडे कंप्युटरवर चढवायचे. खाली निष्कर्षाचं वाक्य कंप्युटर आपोआप घालायचा: ‘पाणी पिण्यास योग्य’ किंवा ‘पाणी पिण्यास अयोग्य’.

त्या वर्षी नवं सॉफ्टवेअर आलं. आमचं सगळं मराठी एका जुन्या फॉन्टमध्ये होतं. म्हणजे कंप्युटरच्या पोटात नुसते आकडे, आणि तो फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांसारखं दाखवायचा. फॉन्ट काढला की पडद्यावर इंग्रजी खुणांची खिचडी. नव्या सॉफ्टवेअरला युनिकोड हवं होतं. सिडकोतल्या एका कंपनीच्या इंजिनिअर बाईंनी गावांची नावं, पत्ते, ठरलेली वाक्यं असं सगळं त्यात बदलून दिलं. आम्ही दोघींनी बसून त्यातली काही नावं तपासलीही. कन्नड, पैठण, बिडकीन, खुलताबाद. जोडाक्षरं, रफार मी मुद्दाम बारकाईनं बघितले. सगळं स्वच्छ. मला तर फार आनंद झाला होता.

पुढच्या आठवड्यात अजिंठ्याचे एक गृहस्थ आपला कागद न्यायला आले. वाचता वाचता हसले.

“मॅडम, गावाचं नाव तरी पुरं लिहा की.”

कागदावर ‘जिंठा’ छापलं होतं. मलाही हसू आलं. म्हटलं, द्या इकडं, पेननं नीट करते. मी जिंठाच्या आधी अ काढला आणि नजर खालच्या ओळीवर गेली. ‘पाणी पिण्यास योग्य’.

सकाळीच सर मला म्हणाले होते, “अजिंठ्याचं पाणी फार खराब निघालंय. ते आले की तोंडी पण समजावून सांगा.”

पेन हातातच राहिलं. गृहस्थ विचारत होते, “काय झालं?” त्यांना बसवलं आणि कागद घेऊन आत पळाले.

सरांनी कागद पाहिला. पुन्हा पाहिला. “आकडे तर बरोबर आहेत,” ते हळूच म्हणाले. “मी आकडे बघूनच सही करतो. ते वाक्य... इतकी वर्षं तेच आहे.” आणि ते स्टुलावर बसले. त्यांना असं कामाच्या वेळेत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

फोन केल्यावर इंजिनिअर बाई स्कूटीवरून लगेच आल्या. त्यांनी फाइल उघडली, खाली-वर फिरवली आणि एकदम थांबल्या.

“अ चा आकडा मधल्या टप्प्यावर रिकामी जागा म्हणून धरला गेलाय. टाकून दिलाय त्यानं.”

“सगळीकडचा?” सरांनी विचारलं.

“सगळीकडचा. आ, ओ, औ यांना वेगळे आकडे होते, म्हणून ते वाचले.”

‘अहवाल’ हा शब्द आमच्या कागदावर आधीच छापलेला असायचा, तपासण्यांची नावं इंग्रजीत. त्यामुळं कुणाला काही दिसलंच नाही. एखादा चौकोन आला असता, प्रश्नचिन्ह आलं असतं, तर मी थांबले असते. इथं अक्षर गेलं होतं आणि मागं धडधाकट, शुद्ध मराठी शब्द उरला होता.

नव्या सॉफ्टवेअरमधून गेलेले सगळे कागद काढले. फोनवर फोन. बहुतेकांनी अजून काही केलं नव्हतं. बिडकीनच्या पुढच्या एका गावाचा फोन मात्र लागेना. सर म्हणाले, “चला,” आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

हातपंप शाळेजवळच होता. कठड्यावरचा लाल इशारा पुसून तिथं हिरव्या रंगात नवं वाक्य लिहिलं होतं. रंग अजून चकाकत होता. बायका पाणी भरत होत्या. सरांनी हात जोडले आणि सांगितलं, “हे पाणी पिऊ नका. कागद चुकीचा गेला.”

एका बाईनं भरलेला हंडा डोक्यावरून उतरवला. “असं कसं चुकीचा? सही तुमचीच हाय ना?”

“माझीच आहे,” सर म्हणाले.

“मग आमी काय पित होतो इतके दिस?”

तेवढ्यात पारावरचे एक म्हातारे उठून आले. त्यांचा नातू आदल्या दिवसापासून बिडकीनच्या दवाखान्यात होता, जुलाब-उलट्या, सलाइन चालू. ते रागावले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, “सूनबाई पाणी उकळून देत व्हती बाई. मीच म्हणलो, आता कागद आलाय, कशाला सरपण जाळती.”

त्या बाईनं हंडा तिथंच ओतून दिला. मग दुसरीनं. चिखल आमच्या चपलांपर्यंत आला, तरी आम्ही दोघं हललो नाही.

परतताना दवाखान्यात गेलो. पोरगं निपचित पडलं होतं, आई पायाशी. सर डॉक्टरांना पाण्यात काय सापडलं ते सांगत राहिले. दोन दिवसांनी ते पोरगं घरी गेलं. मधल्या दोन्ही रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की तो हिरवा रंग दिसायचा.

सरांनी ते वाक्यच काढून टाकलं. नव्या कागदावर खराब पाण्याखाली ठळक अक्षरांत यायला लागलं: ‘हे पाणी पिऊ नका.’ आणि प्रत्येक कागद छापून आला की ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे, अगदी शेजारच्या टेबलावरच्यांना कंटाळा येईपर्यंत. इंजिनिअर बाई पुढं कितीतरी महिने अधूनमधून फोन करायच्या. कामाचं काही नसायचं. “तो मुलगा बरा आहे ना?” एवढंच विचारायच्या.