पायांसकट

पहिल्याच भेटीत या माणसाने माझा जबडा धरला. ओळख नाही, नमस्कार नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत. मी पासपोर्टच्या फोटोसाठी दुकानात शिरलो, फिरत्या स्टुलावर टेकलो, तोच समोरून एक हात आला. त्याने माझी हनुवटी चिमटीत पकडली आणि डोकं असं काही फिरवलं, की मला छताचा पंखा, समोरची चार दुकानं आणि माझं गेलेलं बालपण एका दमात दिसलं.

"हनुवटी किंचित खाली. किंचित म्हटलं, शरण नाही यायचं! आता वर. एवढी नको, निवडणूक नाही लढवायचीय. कान कुठं गेले? दोन्ही कान पाहिजेत. आणि हसू नका."

"मी हसत नाहीये. चेहराच तसा आहे."

"मग तो इथं चालत नाही," असं म्हणून त्याने फोटो काढला. पुढची दहा वर्षं प्रत्येक विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो फोटो पाहिला की माझी बॅग दोनदा उघडली.

अख्खा बाजार या माणसाला 'हनुवटी' म्हणतो. मागून नाही, तोंडावर. त्यालाही ती पदवीच वाटते. तीस वर्षं दहा बाय बाराच्या खोलीत तो पासपोर्टचे फोटो काढतोय. मागे पांढरी भिंत, दोन बाजूंना छत्र्या लावलेले दोन दिवे, मध्ये स्टूल, आणि जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीची एक फुली. त्या फुलीवर कॅमेऱ्याचा ट्रायपॉड. कॅमेऱ्याला लेन्स पन्नासची. ही लेन्स जवळही आणत नाही, लांबही नेत नाही. डोळ्याला दिसतं जवळजवळ तेवढंच दाखवते. मोठं दिसायचं असेल तर माणसाने पुढे यावं, लहान दिसायचं असेल तर मागे जावं. आणि त्या खोलीत मागे जायला जागाच नाही. त्यामुळे निम्मं गाव हनुवटीला खांद्यापर्यंतच माहीत आहे. एकदा मी त्याला रस्त्यात भेटलो, तर बराच वेळ माझ्या चपलांकडे पाहत राहिला. मला पाय आहेत ही बातमी त्याला नवी होती.

त्याचा एकही फोटो आजवर कुठल्याही कार्यालयाने परत पाठवलेला नाही. हे तो स्वतःचं नाव सांगण्याआधी सांगतो.

असा हा जगाला परदेशी धाडणारा माणूस स्वतः मात्र कुठं गेला नव्हता. दुकान बंद ठेवायचं म्हणजे त्याला दुखवट्यासारखं वाटे. मग गेल्या वर्षी वहिनी निवृत्त झाली. वहिनी म्हणजे हनुवटीची बायको, सरकारी दवाखान्यात वॉर्डची मुख्य परिचारिका. अडतीस खाटांना एका नजरेत झोपवणारी बाई. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तिने बारा दिवसांच्या सहलीची दोन तिकिटं काढली आणि मग नवऱ्याला कळवलं. त्याच संध्याकाळी मला घरी बोलावणं आलं. साक्षीदार म्हणून.

"भावजी, हे बघा," वहिनीने माझ्या मांडीवर अल्बम ठेवला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. कुठपर्यंत आहे मी?"

"खांद्यापर्यंत."

"मुलगी झाली तेव्हा?"

"खांद्यापर्यंत. मुलगीही खांद्यापर्यंत."

"आणि हा समुद्रावरचा."

"समुद्रावरचा? मागे तर पांढरी भिंत आहे."

"भिंत नाही, होडी आहे. वाळूत उलटी टाकलेली, रंगवलेली. सगळा समुद्र सोडून मला तिच्यासमोर बसवलं."

"पार्श्वभूमी उत्तम होती," हनुवटी शांतपणे म्हणाला. "कान बघ ना कसे आलेत."

"अहो, कान गेले खड्ड्यात! एकतीस वर्षांत मी कुठं कुठं गेले, त्याचा एक पुरावा नाही या घरात. या वेळी मला एक फोटो पाहिजे. एकच. पायांसकट. आणि मी जिथं उभी असेन ते ठिकाण मागे अख्खं. जमत नसेल तर आत्ताच सांगा. मी फोन घेऊन जाते. रस्त्यावरचा कुणीही काढून देईल."

हनुवटीचीच हनुवटी वर गेली. "रस्त्यावरचा कुणीही?" त्याने विचारलं. "मी असताना?"

दुसरी अट लगेच आली. दोघांत मिळून एक कॅमेरा, त्याला एक लेन्स, बस. हनुवटीने सामानाच्या यादीत दोन दिवे, दोन्ही छत्र्या आणि स्टूल आधीच लिहून टाकलं होतं. ते तिने खोडलं.

एकाच लेन्समध्ये डोंगरही मावावा आणि डोंगरावरची शेळीही ओळखू यावी, अशी लेन्स असते. ऑल-इन-वन झूम म्हणतात तिला. वरची कडी फिरवली की आकडा बदलतो. आकडा लहान तर दृश्य ऐसपैस, आकडा मोठा तर लांबचं जवळ. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं हनुवटीने पहिल्या दिवशी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पण चिंध्या बघायला काय हरकत आहे?" तिसऱ्या दिवसापासून पुढचे दोन महिने गावात कुणालाही फोटो काढून घेताना दुसरा विषय ऐकायला मिळाला नाही.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराचे त्याने नाकी नऊ आणले. पहिली लेन्स अठरा ते तीनशे. हनुवटीने ती कॅमेऱ्याला लावली आणि सवयीने दुकानदाराचाच जबडा धरला.

"अहो काका, माझा फोटो कशाला? बाहेर बघा. ती पाण्याची टाकी दिसते ना, लांब? तिच्यावर लावा."

हनुवटीने लावली. बराच वेळ पाहिलं. "टाकी डावीकडे कललीय."

"मग?"

"मग सरळ बसायला सांगा तिला."

ही लेन्स त्याने घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ती एका भोपळ्याइतकी भरली. वहिनी म्हणाली, "भोपळा निदान शिजतो तरी." शिवाय कॅमेरा गळ्यात अडकवून तोंड खाली केलं की लेन्स आपोआप लांब व्हायची, कासवाने मान काढावी तशी. हनुवटीला हे चारित्र्याचं लक्षण वाटलं. "जी खाली बघितल्यावर ओघळते ती लेन्स माझ्या कामाची नाही." परत.

दुसरी हलकी होती, अठरा ते एकशे पस्तीस. तिच्या परीक्षेसाठी त्याने दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर वर्तमानपत्राची आठ पानं डकवली आणि फोटो काढून कोपऱ्यांतली अक्षरं वाचायला मला बसवलं. मी उजव्या कोपऱ्यातली निधनवार्ता वाचू शकलो, डावीकडची 'वधू पाहिजे' जाहिरात वाचू शकलो नाही. तीही परत. "एका कोपऱ्याला जे दिसतं ते दुसऱ्याला का नाही? घर आहे का हे?"

तिसरी अठरा ते दोनशे. वजन बेताचं, कोपरे चांगले, आणि खाली तोंड करूनही ताठ. स्वतः गच्चीवर जाऊन मला त्याने रस्त्याच्या पार टोकाला उभं केलं. अठरावर माझ्यासकट दोन्ही बाजूंच्या इमारती आल्या. दोनशेवर माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण आलं. हनुवटी गच्चीवरून ओरडला, "आला! पायांसकट आला!" लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आतापर्यंत मी पायांशिवाय आलो होतो.

हा निर्णय चांगला होता हे मी आजही शपथेवर सांगेन. सगळ्या बाजूंनी विचार करून, घाई न करता, कुणाच्या सांगण्याला न भुलता घेतलेला निर्णय होता. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला शुभेच्छा द्यायला गेलो, तर तो लेन्सच्या कडीला पिवळी चिकटपट्टी लावत होता.

"हे काय?"

"नवी आहे तोवर सगळ्याच ताठ असतात. प्रवासात धक्के बसून हिनेही मान काढली तर? पट्टी लावून ठेवली की बरी."

"कुठल्या आकड्यावर लावलीस?"

"पन्नासवर."

"पन्नासच का?"

"कुठंतरी घर असावं लागतं," हनुवटी म्हणाला. मला ते वाक्य फार आवडलं. तिथंच माझं चुकलं.

बारा दिवसांनी ती दोघं परतली. मी दुकानात गेलो, तेव्हा वहिनी त्याच फिरत्या स्टुलावर बसून संगणकावर फोटो बघत होती. सहाशे चाळीस फोटो. पुलावर वहिनी, खांद्यापर्यंत. संग्रहालयात वहिनी, खांद्यापर्यंत. नदीच्या बोटीत वहिनी, बोट पांढरी. प्रत्येक फोटोखाली लेन्सचा आकडा नोंदलेला होता आणि ती तो जपासारखा वाचत होती, "पन्नास. पन्नास. पन्नास."

"अरे, पट्टी?" मी विचारलं.

"कसली पट्टी?" हनुवटी म्हणाला. लेन्स टेबलावरच होती. पट्टी लेन्सवरच होती. बारा दिवस त्याने कॅमेऱ्यातून जे पाहिलं ते त्याला तीस वर्षं दिसत आलं होतं तसंच दिसलं, म्हणून काही बिनसलंय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पण ते राहू दे," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "अकराव्या दिवसाचा बघ."

अकराव्या दिवशी ती दोघं दीपस्तंभावर गेली होती. फोटोत समुद्र होता, दगडी कठडा होता, आणि कठड्यापाशी वहिनी उभी होती. पदर वाऱ्यावर, हात कमरेवर, खाली दोन्ही पाय, पायांत नवे बूट, बुटांच्या नाड्यासुद्धा. पहिल्यांदाच या बाईला मी तिच्या पूर्ण उंचीसह फोटोत पाहत होतो. आणि ती हसत होती. त्याने तेही चालवून घेतलं होतं.

"कसा काढलास? पन्नासवर?"

"मागे सरकलो. सव्वीस पावलं. कॅमेरा डोळ्याला लावून, न वळता. लोक बाजूला होत होते."

"एक जण यांना पैसेसुद्धा देत होता," वहिनी म्हणाली. "त्याला वाटलं खेळ चाललाय."

"पण दीपस्तंभाचं डोकं कुठंय?"

कारण दीपस्तंभ तिच्या मागे भक्कम उभा होता खरा, पण दिव्याच्या अलीकडेच तो संपला होता. थेट खांद्यापर्यंत.

"माझ्या मागे बस उभी होती," हनुवटी म्हणाला. "नाहीतर त्याचंही डोकं आणलं असतं."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहिलं. कडी एवढीशी फिरवली असती तर, हे आम्हा दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. तिने लेन्स उचलली, नखाने पट्टीचं टोक सोडवलं, थोडा विचार केला, आणि पुन्हा दाबून बसवलं.

तो फोटो मोठा करून दुकानात लावला आहे, गिऱ्हाइकाला समोर दिसेल असा. हनुवटी प्रत्येकाला सांगतो, "पायांसकट. एका लेन्समध्ये. निवडायला दोन महिने लागले."

या वर्षी वहिनी मैत्रिणींबरोबर गेली. फोन घेऊन.