साडी गार्डचा खुलासा

आमची जुनी मोटरसायकल बदल्यात देऊन दादाने नवी आणली, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिन कुठंय?" दादा म्हणाला, "आत." पेट्रोलची टाकी? आत. बॅटरी? तीही आत. मानेपासून शेपटीपर्यंत सगळी गाडी काळ्या फायबरने झाकलेली होती, आणि ते फायबर जिथे संपायला हवं तिथे न संपता टोकदार होत आभाळाकडे गेलं होतं. पुढचे दोन दिवे कुणावर तरी चिडल्यासारखे बारीक. पूजेसाठी हार आणला होता, तो अडकवायला जागा सापडेना. शेवटी आईने तो दादाच्याच गळ्यात घातला आणि नारळ फोडून घेतला.

"फ्युचरिस्टिक म्हणत्यात याला," दादा म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हंजी पुढच्या काळातली."

"मग आत्ताच कशाला आनली?"

मी एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते. एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या, मुलींचं वसतिगृह, पाण्याचा टँकर, जे समोर येईल ते. या कामाने एक सवय लागते: कुठलीही वस्तू बघितली की ती कुणासाठी केली आहे ते आधी बघायचं. ही गाडी एका पुरुषासाठी केली होती. तो एकटाच असतो, त्याच्या हातात पिशवी नसते, आणि त्याला आई नसते.

आमच्या दादाला आई होती. ती अंगणवाडी सेविका. आमच्या खर्डा गावापासून चार किलोमीटरवर एक वस्ती आहे, तिथली अंगणवाडी तिच्याकडे. तिकडे एसटी जात नाही. दहाला कुलूप उघडायचं, हजेरीसाठी पोरांचा फोटो मोबाईलवर चढवायचा, मग खाऊ. जुन्या गाडीवर ती गणवेशाच्या साडीत डाव्या बाजूला दोन्ही पाय सोडून आडवी बसायची. पायाखाली पट्टी होती. मागच्या चाकाला साडी गार्ड होता, म्हणजे कापड चाकात जाऊ नये म्हणून लावलेली साधी लोखंडी जाळी. इतकी वर्षं त्या जाळीचा कुणी उल्लेखही केला नव्हता. काम करणाऱ्या वस्तूंचं असंच असतं, आणि काम करणाऱ्या बायकांचंही.

नव्या गाडीची मागची सीट ब्रेडच्या तुकड्याएवढी होती आणि इतकी उंच की दादाच्या खांद्याला लागत होती. पहिल्या दिवशी आई ओट्यावरून चढली. वस्तीच्या अलीकडच्या चढाला गाडी हळू झाली आणि साडीचा काठ चाकात गेला. दादाला वाटलं ब्रेक लागला. आईने उडी मारली म्हणून वाचली. गुडघा फुटला, साडीचा हातभर तुकडा चाकाने ठेवून घेतला. उरलेली साडी धरून ती तशीच अंगणवाडीत गेली आणि पोरांचा फोटो चढवला.

"दोनी बाजूला पाय टाकून बसत जा की," दादा म्हणाला.

"गनवेशाच्या साडीत? तूच नेस आन् बसून दाखव."

दुसऱ्या दिवसापासून ती चालत निघाली. सुजलेल्या गुडघ्याने चार किलोमीटर. त्या आठवड्यात दोनदा उशीर झाला, आणि दुसऱ्या वेळेला नेमक्या पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला आल्या. बाहेर पोरं वाट्या घेऊन कुलपासमोर बसलेली. नोटीस आली: तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा सेवेतून कमी करण्याचा प्रस्ताव पाठवण्यात येईल. नोटीस आईने दोनदा वाचली, घडी घालून तिखटाच्या डब्याखाली ठेवली.

खुलासा मी लिहायला घेतला. तीन पानं झाली. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत अशी सोय गाडीला असली पाहिजे, हे कायद्यात आहे. ते पहिल्या पानावर. दुसऱ्यावर मी विचारलं होतं की चंद्रावर जायच्या थाटाच्या गाड्या काढणाऱ्यांना जामखेड तालुक्यातली एक बाई अंगणवाडीपर्यंत पोचवता येत नसेल, तर तो कुणाचा भविष्यकाळ? शेवटी मागण्या होत्या. सहा.

आई शेवग्याच्या शेंगा मोडत ऐकत होती. दादा दारात उभा.

"झालं?" आई म्हणाली.

"झालं."

"चांगलं लिव्हलंय. पर यात मी कुठं हाय?"

"सगळं तुझ्याचसाठी आहे."

"नोकरी माझी चाललीय. तीन पानांत माझा गुडघासुदिक न्हाई."

तेवढ्यात दादा म्हणाला, "आन् कंपनीचं नाव काढू नको त्यात."

"का? कंपनीने गार्ड दिला नाही, ते लिहायचं नाही?"

दादा गाडीकडे बघत राहिला. "दिला हुता," तो म्हणाला. "मीच काढून ठिवाया सांगितला शोरूमला. लुक जातो."

मी तीन पानं खाली ठेवली. सहा मागण्यांपैकी चार त्या क्षणी आमच्या घराविरुद्ध झाल्या होत्या. दादाने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, सगळीच पोरं गार्ड काढायला लावतात, आम्ही ढिगाने भंगारात घालतो, तुमचा कुठला म्हणून शोधू?

या वाक्यावर स्वतंत्र पत्रक निघेल, निघालंही. पण नोटिशीचे दोन दिवस उरले होते, म्हणून आम्ही गाडी ट्रॉल्या जोडणाऱ्या मिस्त्रींकडे नेली. उसाच्या ट्रॉल्या जोडण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, पाठीमागे वाकून बघितलं, बोटाने ठोकलं. डबडब आवाज आला.

"जाळी करतो मी," ते म्हणाले. "पर डकवू कुठं? लोखंड दाखवा."

"आत हाय," दादा म्हणाला.

"मग काढा की भाहीर."

दादाने मागच्या बाजूचं फायबर काढलं. त्याला अर्धा तास लागला, कारण स्क्रूसुद्धा दिसू नयेत अशी व्यवस्था होती. काढलेला एकेक तुकडा तो पोत्यावर असा ठेवत होता, जणू कुणाचे दागिने उतरवतोय. आतून नळ्यांचा सांगाडा निघाला, वायरी, चिकटपट्टी, आणि कुठल्याही मोटरसायकलला असतं तसं थोडं ग्रीस.

मिस्त्री आत वाकले. "अरे तिच्या! ही तर गाडीच हाय."

आई हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा. दादा हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "काका, जाळीला काळा रंग तरी मारताल ना?"

"मारतो की. लाल पायजे का?"

"काळा."

जाळी बसली, पाय ठेवायला पट्टी बसली. डाव्या बाजूचं फायबर पुन्हा लागेना, कारण जाळीने त्याची जागा घेतली होती. ते राहिलं काढलेलंच. आता उजवीकडून बघितलं तर गाडी पुढच्या काळातली, डावीकडून आपली.

खुलासा आईने स्वतः लिहिला. माझी तीन पानं तिने आधी कच्चं लिहायला पाठकोरी म्हणून वापरली. "गाडीला साडी गार्ड नव्हता. माझी साडी चाकात जाऊन मी पडले व गुडघ्याला मार लागला. चालत येत असल्याने दोन वेळा उशीर झाला. आता गार्ड बसवला आहे. उशीर होणार नाही." खाली सही. मी म्हटलं, निदान कायद्याचं एक वाक्य घाल. ती म्हणाली, मॅडमला कायदा ठाऊक हाय, मला उशीर का झाला ते त्यांना ठाऊक न्हाई.

तरी मला धास्ती होती. एवढ्याशा कागदावर नोकऱ्या टिकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम आई-दादाच्या आधी सायकलवर वस्तीवर गेले. पावणेदहाला पर्यवेक्षिका मॅडम आल्या, ऑफिसच्या शिपायाच्या मोटरसायकलवर, आडव्या बसून. एका हातात फाईल, दुसऱ्या मुठीत साडीच्या निऱ्या करकचून धरलेल्या. उतरल्यावर त्यांनी मूठ सोडली तेव्हा बोटं पांढरी पडली होती. त्यांच्या गाडीला गार्ड नव्हता.

दहाला पाच कमी असताना दादा चढ चढून आला. आई मागे, मांडीवर पिशवी, दोन्ही हात मोकळे.

मॅडमनी घड्याळ बघितलं. मग आईला काही न विचारता त्या गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या, वाकल्या आणि जाळीला हात लावला. हलवून बघितली.

"ही कुठं मिळाली?"

"मिळत न्हाई, मॅडम," आई म्हणाली. "करून घ्यावी लागती."

"कुणाकडून?"

दादाने मिस्त्रींचा पत्ता सांगितला. मॅडमनी तो फाईलच्या मागच्या बाजूला लिहून घेतला, मग फाईल उघडून आईच्या खुलाशावर दोन शब्द लिहिले आणि सही केली. मी उलट्या बाजूने वाचले: खुलासा मान्य.

आईने कुलूप काढलं. पोरं वाट्या वाजवत आत गेली.

"चला," मॅडम शिपायाला म्हणाल्या.

"आता कुठल्या गावाला, मॅडम?"

"आधी त्या मिस्त्रीकडं."