पडद्यावरचं कोड

चार माणसांनी एका तंबूत तीन हिवाळे काढले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातून चालल्यावर धोतराला कुसळं लागतात तसे ते लागतात, आणि घरी येऊन निवांत बसल्यावरच टोचायला लागतात. आमचा तंबू टुरिंग टॉकीजचा. पावसाळा सरून चिंचवडचं रान मोकळं झालं की तो उभा राहायचा. मी दारावर तिकिटं फाडायचो आणि दिवसा बैलगाडीतून भोंग्यावर जाहिरात करायचो. आमचे मालक नाना. आणि मशीन चालवायचे ते दामूअण्णा. सन पन्नासनंतरच्या चार-पाच वर्षांतल्या गोष्टी या.

दामूअण्णा कोकणातले. दोन्ही हातांवर, मानेवर आणि अर्ध्या चेहऱ्यावर त्यांना कोड होतं. काम मागायला आले तेव्हा नानांनी त्यांना लांबूनच न्याहाळलं आणि विचारलं, "हे लागत नाही ना?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"मशीनला?"

अण्णा मशीनपाशी गेले. तीन दिवस बंद पडलेलं मशीन त्यांनी उघडलं आणि तासाभरात चालू करून दाखवलं. नाना खूश. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस कामाचा आहे. आणि केबिनमध्ये तसाही अंधारच असतो."

नाना स्वतःला सुधारक म्हणवायचे, ते तेव्हापासून.

*

दुसऱ्या वर्षी नानांनी पुण्याहून एक पिक्चर आणला. गावातल्या एका गुणी मुलीला कोड फुटतं, ठरलेलं लग्न मोडतं, गाव तिला पाणवठ्यावरून हाकलतं, आणि शेवटच्या रिळात तेच गाव तिची माफी मागतं. मी थेरगावात भोंगा लावून ओरडत होतो, "कोड आलेल्या अभागी मुलीची कहाणी! येताना रुमाल आणा."

एका म्हातारीनं गाडी थांबवली. "बाबा, ती पोरगी खरीच तसली हाय, का रंगवलीया?"

"रंगवलीय, आजी."

"मग येते."

आली. तीन सुनांना घेऊन आली, आणि चौघी पोटभर रडून गेल्या.

*

पहिल्याच खेळाला तंबू गच्च भरला. पाणवठ्याचा सीन आला तसे बायकांच्या बाजूनं हुंदके सुरू झाले. जवळच्याच गावच्या एक पाटलीणबाई पुढं बसल्या होत्या. त्यांना राहवेना. उभ्या राहून पडद्यावरच्या, होता होता राहिलेल्या सासूला म्हणाल्या, "अगं कैदाशिणी, तुला लेकी न्हाईत व्हय?"

नेमकी तेव्हाच फिल्म तुटली. अण्णा टॉर्च घेऊन केबिनच्या दारात आले. "दोन मिनिटं दम धरा, जोडतो," म्हणाले. टॉर्चचा उजेड त्यांच्याच तोंडावर पडला होता. पाटलीणबाईंनी कडेवरच्या नातीचं तोंड झटकन पदराखाली झाकलं. डोळे पुसून पुसून तो पदर ओला झालेला होता.

फिल्म जोडली, अंधार झाला, पदर परत डोळ्यांकडं गेला. हिरॉइनचं पुढं बरंच वाईट व्हायचं होतं.

*

आठवड्यानं गर्दी जरा उतरली. नानांच्या डोक्यात कल्पना आली. अण्णांना म्हणाले, "दामू, तू खेळाआधी पोस्टरशेजारी उभा राहत जा. खरा माणूस बघितला की पब्लिकला भिडेल."

मला वाटलं, अण्णा आता पेटी उचलून चालू लागतील. ते म्हणाले, "बरं." धुतलेला सदरा घातला, केस विंचरले आणि संध्याकाळी पाच वाजता पोस्टरच्या शेजारी जाऊन ताठ उभे राहिले.

लोक यायचे, पोस्टरवरच्या मुलीकडं बघून च्यक् च्यक् करायचे, मग त्यांची नजर शेजारी जायची. पुढचा माणूस थांबला की मागचाही थांबायचा. थोड्या वेळानं सगळी रांग तंबूला वळसा घालून मागच्या कनातीतून आत शिरायला लागली. मागं तिकीट फाडायला कुणीच नव्हतं.

नाना धावत आले. "दामू, आत जा बाबा. धंदा बसतोय."

अण्णा जाता जाता मला म्हणाले, "भिडलं म्हणायचं."

*

तंबूसमोर शंकरचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक पत्रा आणि दोन बाकं. त्यानं अण्णांचा कप वेगळा ठेवला होता, बाहेर लिंबाच्या खोडाला खिळा ठोकून त्याला टांगलेला. अण्णांनी तो स्वतः काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, विसळायचा, परत टांगायचा.

हा शंकर आमचा पिक्चर चारदा बघून आला. चौथ्यांदा बाहेर आला तो डोळे लाल करून. अण्णांचा हात धरायला पुढं झाला, मधेच थांबला आणि म्हणाला, "काय पिक्चर हाय राव. माणसं अशी कशी वागत्यात एकमेकाशी? माझं तर काळीज हाललं."

"मग तो कप आत घेतोस का?" अण्णांनी विचारलं.

शंकर फडक्यानं बाक पुसायला लागला. लाजलाही असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना कप गायब. त्या जागी नवा कोरा, चिनी मातीचा, गुलाबाची फुलं काढलेला कप होता. इतका चांगला कप त्याच्या अख्ख्या हॉटेलात दुसरा नव्हता.

टांगला होता त्याच खिळ्याला.

*

मग शिकलेली माणसं आली. पुण्याचे एक डॉक्टर पिक्चरची कीर्ती ऐकून मुद्दाम आले. नानांनी त्यांना खुर्ची दिली आणि खेळ सुरू व्हायच्या आधी दोन शब्द बोलायची विनंती केली. डॉक्टर अर्धा तास बोलले. कोड हा संसर्गजन्य रोग नाही, स्पर्शानं तो पसरत नाही, सायन्सनं हे सिद्ध केलं आहे, आपल्या खेड्यांतलं अज्ञान कधी जाणार, वगैरे. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अण्णा केबिनमधून ऐकत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुललेला मी बघितला. ते खाली उतरले, डॉक्टरांसमोर आले आणि, "फार चांगलं बोललात," म्हणून हात पुढं केला.

डॉक्टरांनी तो हात बघितला. मग अतिशय नम्रपणे दोन पावलं मागं सरकून, दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून नमस्कार केला.

"आपली संस्कृती," नाना कौतुकानं म्हणाले.

अण्णांनी पुढं केलेला हात सदऱ्याला पुसला. "बरं झालं," म्हणाले, "हात तेलकटच होता." शेवटच्या रिळात गाव माफी मागायला लागलं, तेव्हा मी केबिनमध्ये डोकावलो. ते पडद्याकडं पाठ करून बसले होते.

*

आता हा एक सांगतो. यात माझ्यावर हसायला हरकत नाही.

अण्णांना सुमन नावाची धाकटी बहीण होती. आईवडील नव्हते. दोघं पिंपळे गुरवला एका खोलीत राहायची. सुमनच्या अंगावर कोडाचा ठिपका नव्हता, तरी तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथं स्थळ मी काढलं. भिकाजीराव म्हणून कोकणातलेच एक गृहस्थ चिंचवडला स्थायिक झाले होते. मुलगा नव्या निघालेल्या एका कारखान्यात फिटर. भिकाजीरावांनी पिक्चर दोनदा बघितला होता आणि समाजाच्या निष्ठुरपणावर ते माझ्याशी तासभर बोलले होते. म्हटलं, हाच माणूस.

ते म्हणाले, "मुलगी बघायला येतो. फक्त भाऊ समोर नसला तर बरं. माझं काही नाही हो. घरात बायकांना वाटतं."

हा निरोप अण्णांना मीच दिला. वर शहाणपणाही केला, "तासाभराचा प्रश्न आहे, अण्णा."

अण्णा म्हणाले, "मी आत चुलीपाशी बसतो. पडदा आहे मधे."

रविवारी सकाळी मंडळी आली. भिकाजीराव, त्यांची बायको आणि मुलगा. सुमननं पोहे आणले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. भिकाजीरावांनी एक बशी संपवली, दुसरी मागून घेतली. त्यांच्या बायकोनंही घेतली. "मुलीच्या हाताला चव आहे," त्या म्हणाल्या. भिकाजीरावांनी मान डोलावली आणि माझ्याकडं बघून हसले. मी मनात अक्षता टाकून मोकळा झालो.

सुमन खाली बघून बसली होती. तशीच बसून तिनं सांगितलं, "मला पोहे येत नाहीत. दादानं केलेत." मग मागं वळून हाक मारली, "दादा, बाहेर ये."

पडदा हलला. अण्णा बाहेर आले, हातात पोह्यांचं पातेलं तसंच. सगळ्यांकडं बघून मग माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघत होतो.

भिकाजीरावांनी बशी खाली ठेवली. ती रिकामीच होती. त्यांच्या बायकोनं पदरानं तोंड पुसलं, एकदा, मग परत एकदा. भिकाजीराव उठले, टोपी सारखी केली आणि मुलाला म्हणाले, "चल. ऊठ."

मुलगा उठला नाही. आल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता. त्याच्या बशीत दोन घास शिल्लक होते. ते त्यानं सावकाश खाल्ले. मग बशी पुढं केली, सुमनपुढं नाही, अण्णांपुढं.

"अजून वाढा," तो म्हणाला. "आणि लिंबू असेल तर बघा."